ट्रेमध्ये परत ठेवलेलं नाणं

घाटकोपरच्या जुन्या नाण्यांच्या प्रदर्शनात ते नाणं आधी माझ्या हातात आलं होतं. मी आणि माझी मैत्रीण, दोघी रोमन काळातल्या लहानसहान शहरांची ब्राँझची नाणी जमवतो; पुराणकथांतले वीर कोरलेली. हा नाद तिला मीच लावला. ट्रेमधलं ते काळपट, मातीने लिंपलेलं नाणं मी उलटंसुलटं केलं, "यात काही राहिलं नाही" म्हणाले आणि परत ठेवलं. तिने ते विकत घेतलं.

महिन्याभराने तिचा फोन आला. "अगं, माती सुटली! एनिअस निघाला. ये ना बघायला."

एनिअस म्हणजे जळत्या ट्रॉयमधून म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन निघालेला वीर. माझ्याकडे सिंहाशी झुंजणारा हरक्युलीस आहे, मेडुसाचं मुंडकं धरलेला पर्सिअस आहे. एनिअस मात्र कित्येक वर्षं शोधूनही मिळाला नव्हता, आणि हे तिला ठाऊक होतं.

मुलुंडहून तिच्या दहिसरच्या घरापर्यंत मी मनात एकच मागत गेले: नाणं खोटं निघू दे. भिंगाखाली धरलं. कडा, झीज, हिरवट थर, सगळं अस्सल.

"झकास आहे," मी कसंबसं म्हणाले. "माझा हरक्युलीस घे, हे मला दे."

"नाही गं."

"पर्सिअसपण देते."

"माझ्या जागी तू असतीस तर दिलं असतंस?"

मी नाणं परत भिंगाखाली धरलं.

तेवढ्यात आतून तिच्या वडिलांनी हाक मारली. गिरणीत उभं आयुष्य काढलेला माणूस, आता अंथरुणाला खिळलेला. तिने नाणं नेऊन त्यांच्या तळहातावर ठेवलं. रोज मागतात म्हणे. त्यांनी ते अंगठ्याने चाचपलं.

"बघलंस गो?" ते मला म्हणाले. "ह्यो आमचो श्रावणबाळ. बापाशीक खांद्यार घेतल्यान."

मग त्यांनी लेकीला ट्रॉयची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावली. एक प्रसंग तिने गाळला तर लगेच टोकलं.

मी दारात उभी राहून ऐकत होते. माझ्या घरी इतक्या वर्षांत एकानेही नाणं हातात घेऊन "हा कोण?" म्हणून विचारलेलं नाही. नवरा धूळ झटकताना नाण्यांची डबी उचलतो, तेवढंच.

"थांब, चहा टाकते," ती म्हणाली.

मी थांबले नाही. अजूनही ती नाणं हातात घेतलेले वडिलांचे फोटो पाठवते. मी अंगठ्याची खूण पाठवते आणि मोबाइल पालथा ठेवते.