पाहिलं त्याचंच बोलायचं

गेनूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाघोलीच्या फ्लॅटच्या गॅलरीत खुर्ची टाकून आरामात पेपर वाचत होतो. फोन त्यांच्या मुलीचा, सुनंदाचा. "बाबा पहाटे गेले," एवढं म्हणाली, जरा थांबली आणि मग म्हणाली, "तुम्हाला आधी कळवायला त्यांनी सांगितलं असतं, म्हणून केला." खोटं कशाला बोलू... त्या दुःखातही हे वाक्य मला सुखावून गेलं. बघा, काकांच्या लेखी आपली काहीतरी किंमत होती, असं वाटलं. आज पाच आठवडे झाले, आणि तेच वाक्य आठवलं की माझी मान वर होत नाही. ती का होत नाही, ते सांगायला हा लेख लिहितो आहे. काकांची थोरवी सांगायला माझ्यापेक्षा बरी माणसं आहेत.

गेनूकाका मार्केट यार्डात तोलणार होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढला की वजन पुकारायचं काम त्यांचं. माझे वडील, नामदेव, तिथेच हमाल. पोतं वडिलांच्या पाठीवर आणि आकडा काकांच्या तोंडी, अशी त्यांची तीस वर्षांची दोस्ती. यार्डातल्याच लोकांनी फुटबॉलचा एक क्लब काढला होता, नाव 'गाळा इलेव्हन'. पुण्यात फुटबॉल खेळतात ते कॅम्प आणि खडकीकडचे लोक, अशी पेठांतल्या मंडळींची समजूत आहे. असो बापडी. आमच्या गुलटेकडीत दुपारी बाजार उठला की माणसं अंगावरचा भुसा झटकून सरळ मैदानावर जायची, आणि आम्ही पोरं त्यांच्या मागे. काका स्वतः कधी खेळले नाहीत. पण क्लबचा सामना आणि काका नाहीत, असं सहसा व्हायचं नाही.

रविवारी क्लबच्या खोलीत चहा व्हायचा आणि चहाबरोबर वाद. वाद वर्षानुवर्षं एकच, क्लबचा सुवर्णकाळ कोणता? जुनी मंडळी म्हणत, ऐंशीच्या आसपासचा, अनवाणी खेळणाऱ्या हमालांचा. आम्ही म्हणायचो, छे, नव्वदनंतरचा. तेव्हा बाहेरच्या कंपन्या शहरात येऊ लागल्या होत्या, एकीने आम्हाला जर्सी आणि बूट दिले होते, आणि आम्ही मोठ्या मोठ्या संघांना पाणी पाजलं होतं. या वादात फेकाफेक फार व्हायची, म्हणून काकांनी एक नियम घातला. यार्डात इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा भंगारात निघालेलं पाच किलोचं लोखंडी वजन त्यांनी क्लबात आणून टेबलाच्या मधोमध ठेवलं. ज्याला एखाद्या सामन्याबद्दल बोलायचंय त्याने त्यावर हात ठेवायचा, 'पाहिलं' म्हणायचं, आणि मग बोलायचं. ऐकीव माल चालणार नाही. एकदा एकाने चुलत्याकडून ऐकलेला गोल रंगवायला घेतला तर काका शांतपणे म्हणाले, "चुलत्याला बोलाव." मापात पाप नको, हे त्यांचं पालुपद. गंमत वाटेल, पण देवाची शपथ सहज मोडणारी माणसं त्या वजनावर हात ठेवताना चाचरायची.

काकांचा हात वजनावर पडला की पुढचं नाव ठरलेलं असायचं, शंकर. हा त्यांचा थोरला भाऊ. यार्डात हमाल, संघात हाफबॅक. एका सामन्यात समोरच्याच्या बुटाखाली अंगठ्याचं नख निघालं, तर हा बाहेर आला, पोत्याची सुतळी अंगठ्याला गुंडाळली आणि परत आत गेला. हे मी काकांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. मी शंकरला पाहिलं ते कंबर गेल्यावर, दारात पोत्यावर बसलेला, येणाऱ्याजाणाऱ्याला तंबाखू मागणारा. तो लवकरच गेला. "त्याचा एक फोटो न्हाई रं, विलास," काका मला एकदा म्हणाले होते. "रेशनकार्ड सोडलं तर नाव कुठं लिहिल्यालं न्हाई."

आता माझ्याकडे येतो. आमच्या सुवर्णकाळाची सगळी भिस्त एका सामन्यावर होती. खडकीच्या संघाविरुद्धची फायनल, मध्यंतराला आम्ही दोन गोलांनी मागे, आणि शेवटी तीन-दोनने जिंकलो. हा सामना माझ्याइतका रंगवून कोणी सांगत नसे. हा सामना मी पाहिलेला नाही.

त्या रविवारी हडपसरकडच्या एका कॉलेजात सॉफ्टवेअर कंपनीची लेखी परीक्षा होती. नापास झालो तर, म्हणून घरीही सांगितलं नव्हतं, कट्ट्यावर तर नाहीच. फायनल सोडून नोकरीच्या मागे गेला म्हटल्यावर पोरांनी जन्मभर 'साहेब' म्हणून सोलून काढलं असतं. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, असा मी स्वारगेटला बसची वाट बघत उभा होतो, आणि पलीकडे गेनूकाका दिसले. हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा. काकू आठवडाभर सरकारी दवाखान्यात होत्या. मला ते माहीत होतं. दोन पावलं पुढे होऊन 'काकू कशा आहेत' एवढं विचारायचं, तर मी उसाच्या गुऱ्हाळामागे लपलो. त्यांची बस आली, ते गेले, मी सुटलो. संध्याकाळी परतलो तेव्हा सामना संपून टेंपोत मिरवणूक निघाली होती. मी फाइल शर्टात खुपसून वर चढलो. कोणीतरी विचारलं, कुठं होतास रे? मी म्हणालो, गोलच्या मागे. एवढंच. बाकीचा सामना मी पुढच्या महिनाभरात दहा जणांच्या तोंडून गोळा केला.

नोकरी लागली. काही वर्षांनी त्या जर्सीवाल्या कंपनीने क्लबची खोली रंगवून द्यायची ठरवली, आणि भिंतीवर एक मोठा फळा करायचा असं ठरलं. वर 'सुवर्णकाळ', खाली ऑइलपेंटने अकरा नावं. कुठली अकरा, यावर दोन रविवार रणकंदन झालं. काकांच्या बाजूने तेव्हाच जेमतेम तीन म्हातारे उरले होते. पण काका असे काही बोलले की आमच्यातलेही चारजण पाघळले. शंकरचं नाव जवळजवळ लागलं होतं. आणि मग काका सहज म्हणून गेले, "तुमची ती फायनल, नशिबाची हुती म्हणत्यात." मी तिथेच पकडलं. "काका, तुम्ही मैदानावर होता का? नव्हता. मग बोलायचं नाही. नियम तुमचाच आहे." खोली हसली. ते कुठे होते हे त्या खोलीत माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

काका हसले नाहीत.  माझे वडील शेजारीच बसले होते, शिकलेला मुलगा चारचौघांत बोलतोय म्हणून खूश.

"तू हुतास तिथं?" काकांनी विचारलं.

"होतो."

"हात ठिवून सांग."

मी हात ठेवला. "पाहिलं, काका."

त्यांनी एकदा वडिलांकडे बघितलं. मग वजन माझ्या बाजूला सरकवलं आणि म्हणाले, "मग तूच सांग. पोरांना नीट सांग." आणि मी निलाजरा, अर्धा तास सांगत राहिलो. फळ्यावर आमची अकरा नावं लागली. पेंटर स्टुलावर चढला तेव्हा स्टूल धरून कोण उभं होतं म्हणाल तर गेनूकाका. त्यानंतरही ते दर रविवारी येत, चहा पीत, ऐकत. वजनाला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही. म्हाताऱ्याने हार मानली, असं आम्ही समजलो. मी तर मित्रांमध्ये फुशारकीही मारली. पुढे लग्न झालं, वाघोलीला घर घेतलं, वडील गेले, आणि क्लबात जाणं दोन-तीन महिन्यांतून एकदा असं झालं. गेलो की काका वडिलांची आठवण काढायचे आणि नोकरी कशी चाललीये विचारायचे. मी घड्याळ बघत उत्तरं द्यायचो.

तेरावं झाल्यावर मी सुनंदाला भेटायला गेलो. तिने चहा टाकला आणि वडिलांबद्दल बोलू लागली. तुमचं फार कौतुक होतं त्यांना, म्हणाली. आई दवाखान्यात असताना एकदा डबा घेऊन आले ते हसतच. आईने विचारलं तर म्हणाले, "नामदेवचं पोरगं परीक्षेला निघालंय. स्वारगेटला बघितलं. आज फायनल सोडून गेलंय, म्हंजी नक्की पास हुतंय. मला बघून लाजलं, लपलं, म्हणून मीच तोंड फिरवून हुबा राह्यलो." आई हा किस्सा घरात आम्हाला नेहमी सांगायची, असं म्हणत सुनंदा हसली. तिला बिचारीला कुठे माहीत, ती काय सांगत होती... कप माझ्या हातात तसाच राहिला. दूध जास्त झालं का, असं तिने दोनदा विचारलं.

म्हणजे काकांनी पाहिलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्या नियमाप्रमाणे. त्या दिवशी वजनावर हात ठेवून 'याला मी स्वारगेटला पाहिलं' एवढं म्हणाले असते तर माझं तोंड कायमचं बंद झालं असतं आणि भिंतीवर शंकरचं नाव लागलं असतं. शेजारी माझा बाप बसला होता, म्हणून ते म्हणाले नाहीत. आयुष्यभर मापात रतीभर इकडचं तिकडे न होऊ देणाऱ्या माणसाने माझं खोटं माप डोळ्यांदेखत चालवून घेतलं, आणि तेही सख्ख्या भावाच्या नावावर पाणी सोडून. मी त्यांना हरवलं म्हणून मिरवत होतो. लाज वाटते, हा शब्दही मला आता स्वस्त वाटतो.

मागच्या रविवारी क्लबात गेलो. वजन टेबलावर होतं, बाजूंनी गंजलेलं आणि वरून हातांनी गुळगुळीत झालेलं. मी हात ठेवला आणि म्हणालो, "फायनल मी पाहिली नाही." मग गुऱ्हाळापासून फळ्यापर्यंत सगळं सांगितलं. मला वाटलं होतं शिव्या घालतील, निदान हसतील तरी. तसं काही झालं नाही. आमचा गोलकीपर, तोही आता टक्कल पडलेला गृहस्थ, उठून फळ्याकडे गेला आणि म्हणाला, शेवटच्या नावाखाली जागा आहे, शंकरचं नाव घालू, उद्याच पेंटरला बोलावतो. सगळ्यांनी माना हलवल्या. मग तो सवयीने टेबलाकडे वळला आणि वजन मधोमध सरकवून म्हणाला, "चला, शंकरसाठी कोण हात ठेवतंय?"

 ते तीन म्हातारे केव्हाच गेले होते, आणि आता गेनूकाकाही. खोलीत पंधरा-सोळा माणसं होती. सुतळीची गोष्ट प्रत्येकाला पाठ होती. शंकरला खेळताना पाहिलेला एकही जण नव्हता.