रक्त कोणाचं?

सत्तूरकाकांच्या रागाला आणि सत्तुराला सारखीच धार होती. मटण ताजं की शिळं ते अंगठ्याने दाबून, नाकाशी धरून सांगत. गिऱ्हाइकं म्हणत, काय कसब! कसब कसलं, काकांना लाल आणि हिरवं सारखंच मातकट दिसायचं. शाळेत यावरून चिडवणाऱ्याचे त्यांनी दोन दात पाडले होते. तेव्हापासून विषय बंद.

मग नातवाने चित्रात झाडं तांबडी रंगवली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "आईच्या माहेरी कुणाला असं आहे?" जावयाने फोन केला.

"आमच्याकडे? गरुडाचे डोळे आहेत आमचे!" काका गरजले.

चौथ्या दिवशी लेक दुकानात आली ती एक डोळा सुजून मिटलेला घेऊन. मागोमाग जावई.

"तुमच्यात नाही, माझ्यात नाही. मग पोरगा कुणाच्या रक्ताचा, विचारा हिला!" म्हणत त्याने भर दुकानात तिची वेणी हिसडली.

काकांच्या पहिल्याच ठोशात त्याचं नाक फुटलं. दुसऱ्या ठोशात तो काट्यावर आदळला. काट्याने डोकं पाच किलो दाखवलं. गिऱ्हाइकांना ते जरा जास्तच वाटलं. जावयाने मटण टांगायचा आकडा ओढून काकांचा खांदा फाडला. काकांनी सत्तूर उचलला.

"बाबा, थांबा! पाय घसरेल, खाली रक्त आहे!"

"कुठाय?"

हिरव्या फरशीवर रक्ताचं थारोळं होतं, आणि काका त्यातच उभे राहून ते शोधत होते.

लेक बघतच राहिली. "बाबा... तुम्हालाच?"

काकांनी सत्तूर ओंडक्यात रुतवला. "जन्मापासून. लायसन्सच्या वेळी डॉक्टरने समजावलं होतं. ऐक रे गाढवा, मुलग्यात ही खोट बापाकडून येत नाही, आईकडून येते. माझी खोट मी लेकीला दिली. तिच्या आईकडून चांगला वाटा मिळाला, म्हणून हिला नीट दिसतं. पोराला देताना दोनातला एकच वाटा जातो. तो नेमका माझा गेला."

"मग फोनवर..." जावई नाक दाबून पुटपुटला.

"खोटं बोललो. हिचा डोळा सुजला तो तुझ्या हाताने आणि माझ्या तोंडाने."

जावई पुढे सरकला. "अगं, घरी चल..."

"पोराला शाळेतून घेऊन मी बाबांकडे जातेय," ती म्हणाली. "तू येऊ नकोस."

तो गेला. काकांनी खांद्याला बोटं लावली आणि लेकीसमोर धरली. उभ्या आयुष्यात त्यांनी रंग कुणाला विचारला नव्हता.

"बघ गं, लाल आहे का?"

"चांगलं लालभडक आहे, बाबा. चला, टाके घालून येऊ."