प्रभावळ छाटलेला संत

इग्नाझ फाइर्टाग व्हिएन्नात तीस वर्षं छपाईचे लाकडी ठसे कोरत होता. प्रत्येक ठशाचा पहिला छाप तो एका वहीत चिकटवायचा. ही सवय त्याच्या बापाची, आणि धंद्यातली त्याची अब्रूही तीच.

१९१० सालातल्या एका सकाळी कॉफीहाउसात शेजारी राहणारा शिंपी हावलिचेक वर्तमानपत्रातलं चित्र नाचवत म्हणाला, "हा बघा, ख्रिस्ती पोरांच्या तोंडचा घास पळवणारा ज्यू! नुसतं नाक बघा, आणखी पुरावा कशाला? तुमच्यातलाच ना हो, फाइर्टाग?"

इग्नाझनं चित्र निरखलं. दाढीत डाव्या बाजूला बारीक पांढरी चीर होती. तिथं त्याच्याच हातून पटाशी घसरली होती. तो समोरच्या आपल्या कारखान्यात गेला आणि वही घेऊन परतला.

"हा घ्या तुमचा ज्यू!" त्यानं पान उघडून टेबलावर आपटलं. तोच चेहरा, तीच चीर, फक्त डोक्यामागे प्रभावळ. खाली त्याच्या अक्षरात लिहिलं होतं: संत जोसेफ, चर्चचं कॅलेंडर, १८९८.

"जुना ठसा कुठून तरी मिळवला, करवतीनं प्रभावळ उडवली, की झाला ज्यू तयार! नवं चित्र काढायचेसुद्धा कष्ट नकोत मेल्यांना."

"पण नाक तर..." शिंपी पुटपुटला.

"तेच नाक आहे, हावलिचेक. त्या कॅलेंडरातलं चित्र तुमच्या स्वयंपाकघरात चौकटीत लावलंय. बारा वर्षं तुमची बायको त्यापुढे मेणबत्ती लावतेय. तेव्हा नाही हो दिसलं?"