ताटलीवाल्या मॅडम

माझे यजमान नेहमी चिडवतात, "तुझ्याजवळ मेडल कमी आणि किस्सेच जास्त!"

मी म्हणते, बरोबर आहे. मेडल ज्याची त्यानं घरी नेली, किस्से तेवढे माझ्या वाट्याला आले. त्यात गोळाफेकीतल्या गोळ्याचं एक बरं असतं. पडला की टेप लागते, आकडा सांगितला जातो, संपला विषय. किस्सा कुणी मोजत नाही, त्यामुळे दर वेळी सांगताना तो थोडा पुढं जाऊन पडतो!

मी मूळची हिंगोलीकडच्या हट्टा गावची. सेनगावकडच्या एका कॉलेजात खेळाची मॅडम. गोळा, थाळी आणि भाला ही माझी खास खाती. उंची बेताची, अंगही बेताचंच. मला बघून कुणालाच वाटत नाही की ही बाई फेकायला शिकवत असेल. निम्मे किस्से तिथूनच सुरू होतात.

*

रुजू झाले त्या दिवशी प्राचार्यांनी विचारलं, "खंदारे मॅडम, थ्रो म्हणजे ते थ्रोबॉलच ना?"

मी म्हटलं, "नाही सर. गोळाफेक, थाळीफेक, भालाफेक. सामान आहे ना आपल्याकडं?"

"आहे की! भरपूर आहे!"

मी शिपाईमामांना घेऊन सामान शोधायला निघाले. गोळा सापडला स्टाफरूमच्या दाराशी. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून लावलेला. थाळी सापडली पाण्याच्या माठावर. झाकण म्हणून! भाला मात्र कुठंच दिसेना. शेवटी मामा हळूच म्हणाले, "मॅडम, मी सांगितलं म्हणून सांगू नका," आणि त्यांनी प्राचार्यांच्या केबिनकडं बोट केलं.

खिडकीचा पडदा भाल्यावर टांगलेला होता.

प्राचार्य भला माणूस. म्हणाले, "न्या मॅडम, न्या. पण मग पडदा कशाला लावू?"

मी म्हटलं, "लावूच नका सर. खिडकीतून आपलं मैदान दिसतं. बघत जा!"

ते रिटायर होईपर्यंत त्या खिडकीला पडदा लागला नाही.

*

आमच्या मैदानाला लागून बाबूराव काकांचं रान. मध्ये नुसता धुरा, म्हणजे मातीचा बांध. मी आल्यापासून पोरांच्या थाळ्या धुरा ओलांडून त्यांच्या सोयाबीनमध्ये पडू लागल्या. शिटी वाजवून, रानात कुणी नाही हे बघूनच आम्ही फेकायचो, पण पिकाला कोण समजावणार?

एक दिवस काका थाळी हातात घेऊन आले.

"मॅडम, ही ताटली तुमचीच ना? ह्या माझ्या रानात काहून येऊन राहिल्या?"

मी माफी मागितली. चहा पाजला. समजावून सांगितलं, काका, जितकी लांब जाईल तितकं पोरगं चांगलं.

"म्हंजे माझ्या रानात पडली तर पोरगं चांगलं?"

"व्हय काका."

काकांनी थाळी उलटीपालटी करून बघितली. थाळी ठेवून निघून गेले. मला वाटलं, आता तक्रार जाते प्राचार्यांकडं.

तक्रार आलीच, पण दुसऱ्या वर्षी. जुनी पोरं पास होऊन गेली होती, नवीन बॅच आली होती. काका धुऱ्यावर उभं राहून ओरडले, "ओ ताटलीवाल्या मॅडम! महिना झाला, रानात एकबी ताटली न्हाई! ह्या साली पोरं जेवून येऊन राहिलीत का न्हाई?"

तेव्हापासून अख्ख्या गावात माझं नाव तेच पडलं.

*

एसटीत भाले नेणं ही एक वेगळीच स्पर्धा आहे. भाला आडवा बसत नाही, उभा मावत नाही. एकदा परभणीला स्पर्धेला निघालो होतो. कंडक्टरनं आम्हाला पायरीवरच अडवलं.

"हे काय आहे?"

"भाले."

"कुठं चालले?"

"परभणी."

"कशाला?"

मागून आमचं एक पोरगं ओरडलं, "परभणीवाल्यांना हरवायला!"

कंडक्टरनं आमच्याकडं बघितलं, भाल्यांकडं बघितलं, आणि मागच्या सीटवरच्या दोघांना म्हणाला, "उठा हो पाव्हणं, पुढं या. आपल्या हिंगोलीची फौज चालली!"

*

आता ललिता आडे.

सेनगावच्या स्टँडवर मी काळीपिवळी जीपमध्ये बसले होते. खाली एक पोरगी तुरीचं पोतं घेऊन उभी. जीपवाला म्हणाला, "थांब, वर चढून घेतो." त्याचा पाय चाकावर पडायच्या आत पोतं टपावर! पोरीनं खालूनच झोकून दिलं होतं. सगळी जीप हलली.

मी खाली उतरले आणि तिचा हातच धरला. "कोणतं कॉलेज?"

ती घाबरली. "मी काय केलं जी?"

तिच्या तांड्यावर गेले. वडील शेती करणारे, सरळ माणूस. सगळं ऐकून घेतलं, मग जरा खाली बघत म्हणाले, "मॅडम, खेळू द्यायला काय न्हाई. पन पोरीचे दंड जाड झाले तर उद्या पाव्हणे काय म्हणतील?"

मी उत्तर जुळवत होते. तेवढ्यात ललिता चुलीपासून म्हणाली, "काय म्हणतील बाबा? जरा जपून बोलतील!"

वडील इतके हसले की त्यांनी होकार दिला का नाही हे विचारायचंच राहून गेलं. सोमवारी पोरगी मैदानावर हजर होती.

*

मारोती आमचा गोळाफेकपटू. एवढा दांडगा की बाकावर बसला तर शेजारचं पोरगं आपोआप उठायचं. पण स्वभाव गाईचा. माझ्यासमोर मान वर करून कधी बोलला नाही.

विद्यापीठाच्या स्पर्धेत त्याच्याबरोबर मैदानात निघाले, तर एका पंचांनी मला थांबवलं. "ताई, पालकांनी तिकडं मंडपात बसायचं."

मारोती म्हणाला, "सर, ह्या कोच हायत."

"कुणाच्या?"

"माझ्या."

पंचांनी मारोतीला खालून वरपर्यंत बघितलं. मग मला बघितलं, त्याला वेळ लागला नाही. हसले आणि म्हणाले, "बरं, उभ्या राहा. पण मध्ये बोलायचं नाही हं!"

मी लांब दोरीच्या बाहेर उभी राहिले. मारोती सर्कलमध्ये गेला, गोळा मानेला लावला, आणि माझ्या लक्षात आलं की कोपर खाली पडलंय. मनाई 'मध्ये' बोलायला होती, मी तर दोरीबाहेर! मी जी हाक मारली, ती हट्ट्यात वाढलेल्या बाईची हाक!

"कोपर वर!"

मारोतीचं कोपर वर गेलं. पलीकडं वॉर्मअप करणाऱ्या दोघांचं गेलं. आणि टेप धरून वाकलेल्या त्या पंचांचंही!

मारोती त्या दिवशी पहिला आला. पंचांनी स्वतः मला खुर्ची आणून दिली.

*

ललिता पुढं पोलिसात लागली. तिच्या वर्दीतला पहिला फोटो आमच्या स्टाफरूममध्ये लावलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो दाखवतेच.

शिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेत तिचा बंदोबस्त होता. एका म्हातारीच्या गळ्यातली पोत हिसकावून एकजण पळाला. गर्दीतून धावायला वाट नाही. तो पार मोकळ्या रस्त्याला लागला. ललिता उभी होती नारळाच्या दुकानापुढं.

पुढचं मला तिच्या साहेबांनी सांगितलं. नारळ उचललेला कुणी बघितला नाही, सुटलेला कुणी बघितला नाही. चोर पालथा पडलेला तेवढा सगळ्यांनी बघितला! म्हातारीला पोत तिथल्या तिथं मिळाली.

संध्याकाळी तिचा फोन आला. मी अभिनंदन करायला सुरुवात केली, तर ही पडलेल्या आवाजात म्हणते, "काय सांगू मॅडम, मी मांडीला नेम धरला व्हता. पाठीत बसला. प्रॅक्टिस कमी पडून राहिली!"

*

आणि मारोतीचा हा.

विद्यापीठात पहिला आल्यानंतरच्या सुगीत, मळणी यंत्रात सोयाबीन लोटताना त्याचा उजवा हात गेला. कोपराखाली काही राहिलं नाही.

मी नांदेडला दवाखान्यात गेले. बसमध्ये काय बोलायचं ते सगळं मनात जुळवलं होतं. खाटेजवळ जाऊन त्याची चादर तेवढी सारखी केली. त्याची माय कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसलेली. मारोती छताकडं बघत होता. तसाच म्हणाला,

"मॅडम, डाव्या हाताला पहिल्यापासून शिकवावं लागंल."

मी म्हटलं, "लागंल."

एवढंच बोलणं झालं. बाहेर येऊन नळावर मी तोंड धुतलं, ते किती वेळ धूत होते कोण जाणे.

डाव्या हातानं फेकणं म्हणजे नुसता हात बदलणं नाही. पाय उलटे, वळणं उलटं, बघायचं उलट्या बाजूला. मी आयुष्यभर उजव्यांनाच शिकवलेलं. म्हणून घरी कपाटाच्या आरशासमोर डाव्या खांद्यावर भोपळा घेऊन मीच शिकू लागले. यजमान दारात येऊन थबकले. म्हणाले, "भाजी करायची नसेल तर तसं सांग, मी खिचडी टाकतो."

मारोतीचं मन तयार होतं, अंग ऐकत नव्हतं. एका बाजूचं वजनच गेलेलं, त्यामुळे गोळा सुटला की तो स्वतःच सर्कलबाहेर जाऊन पडायचा. पुन्हा पुन्हा पडायचा. एक दिवस गोळा तिथंच टाकून म्हणाला, "न्हाई होत मॅडम माझ्याच्यानं," आणि निघून गेला. त्यानंतर आलाच नाही. मी रोज मैदानावर जाऊन फाटकाकडं बघायची. घरी जाऊन त्याला ओढून आणावं असं फार वाटायचं, पण पाय उचलत नव्हता. त्याला कुठल्या तोंडानं म्हणणार होते, अजून पड म्हणून?

मग एका सकाळी फाटकातून त्याची माय आली, आणि तिच्या मागं मान खाली घालून मारोती.

माय म्हणाली, "मॅडम, ह्याला इथंच फेकू द्या. घरी माझा वरवंटा घेऊन डाव्या हातानं अंगणात फेकून राहिला. चार दिवस झाले, घरात चटणी न्हाई!"

मारोतीला पहिल्यांदाच माझ्यासमोर मोठ्यानं हसताना बघितलं.

त्यानंतर तो पडायचा, पण उठून थेट गोळ्याकडं चालत जायचा. हळूहळू पडणं कमी झालं. मग थांबलं. पुढच्या हिवाळ्यात दिव्यांग खेळाडूंच्या राज्य स्पर्धेला आम्ही गेलो. मी, मारोती आणि त्याची माय. तिनं जन्मात पहिल्यांदा रेल्वे बघितली.

त्याचा शेवटचा थ्रो गेला तेव्हा मी ओरडलेच नाही. गोळा सगळ्यांच्या खुणांच्या पुढं जाऊन पडला आणि मारोती सर्कलमध्ये दोन्ही पायांवर उभा होता. मायनं मला विचारलं, "झालं का मॅडम? चांगलं झालं का?" मी नुसती मान हलवली.

बक्षिसाला कुणीतरी मोठे पाहुणे आले होते. सकाळपासून हार घालून, हात मिळवून दमलेले. मारोती पहिल्या नंबरच्या पायरीवर चढला. पाहुण्यांनी त्याच्या गळ्यात मेडल घातलं, आणि सवयीनं आपला उजवा हात पुढं केला.

हात तसाच हवेत राहिला. पाहुण्यांच्या लक्षात आलं. चेहरा उतरला, बिचाऱ्यांना हात मागं घ्यावा का ठेवावा कळेना.

मारोतीनं आपला डावा हात पुढं केला, त्यांचा हात घट्ट धरला आणि म्हणाला,

"ह्यो घ्या साहेब. मेडल ह्यानंच आणलंय."