यशूच्या टॅबचं कव्हर

स्क्रीनवर मला यशूचं फक्त कपाळ दिसत होतं.

"यशू, मागं सर. मागं, मागं!" मी इकडून ओरडत होते. कपाळ आणखी जवळ आलं. मग एक भुवई आली, मग सगळी स्क्रीन काळी. तिकडून तिच्या आईचा, वैशालीताईंचा आवाज आला, "ए बाई, सरक की मागं. मॅडम कवाच्या सांगायल्यात!" आईच्या हातानं ओढलेली पोरगी मागं झाली. मी डमरू वाजवला. तिनं मान हलवली नाही. मी हाक मारली. ती माझ्याकडं बघून गोड हसली, पण ते हसू मला बघून आलेलं होतं, हाक ऐकून नव्हे. इतकी वर्षं हेच काम केल्यावर एवढा फरक कळतो.

मी ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट. बीडला माझं क्लिनिक आहे. कान तपासायचे, मशीन लावून द्यायचं आणि लहान पोरं असतील तर त्यांना ऐकायला, बोलायला शिकवायचं, हे माझं काम. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? लोक 'कानाच्या मॅडम' म्हणतात आणि पत्ता बरोबर सापडतो.

यशू म्हणजे यशोधरा, आष्टीची, वय साडेतीन. जन्मापासून काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणून तिचं कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन झालेलं. हे साध्या मशीनसारखं नसतं. कानामागं कातडीखाली एक तुकडा बसवतात, त्याची तार आतल्या कानात जाते. बाहेर कानावर मशीन अडकवायचं. त्याला बारीक वायर, आणि वायरच्या टोकाला नाण्याएवढी गोल चकती. तिला कॉइल म्हणतात. कॉइलमध्ये मॅग्नेट असतं, डोक्यातल्या तुकड्यातही असतं. कातडीच्या अलीकडून-पलीकडून दोघं एकमेकांना धरून बसतात. कॉइल जागेवर असली की पोराला ऐकू येतं. सुटली की काही नाही. अगदी काहीच नाही.

लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं की पोर उठून बोलायला लागतं. तसं नसतं हो! ऐकायची सवय लावावी लागते, रोज, आणि तीही याच वयात. हे वय हातातनं गेलं की मग कितीही डोकं फोडा. आष्टीहून बीडला रोज येणं कुणाच्या बापाला जमणार? म्हणून एका संस्थेनं यशूला टॅब दिला होता आणि मी व्हिडिओ कॉलवर थेरपी घेत होते.

चांगलं चाललं होतं. चार-पाच शब्द आले होते. 'आई', 'दे', पाण्याला 'पानी', कुत्र्याला 'भू'. 'पानी' म्हटलेलं रेकॉर्डिंग तिच्या वडिलांनी अख्ख्या भावकीला पाठवलं होतं. आणि मग शब्द एकेक करून बंद पडले. पोरगी पुन्हा बोटानं दाखवायला लागली. पाणी हवं असलं की माठाकडं बोट. पाहुणे तोंडावर म्हणायला लागले, ऑपरेशन वाया गेलं.

त्या दिवशी सेशन संपल्यावर मिलिंदभाऊंचा फोन आला. मिलिंदभाऊ म्हणजे यशूचे वडील. आष्टीत त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, गेट, जाळ्या, शटर करतात. लोखंडाचा विषय निघाला की त्यांच्यापुढं कुणी बोलायची सोय नाही.

"मॅडम, मॅग्नेटचा दम संपलाय. कॉइल सारखी पडायली. तुमी मोठं मॅग्नेट टाका."

"भाऊ, मोठं मॅग्नेट टाकलं की मधली कातडी दाबली जाते. लाल होते, जखम होते. मग ती बरी होईपर्यंत मशीनच लावता येत नाही. ते गेट नाही, पोरीचं डोकं आहे."

"मंग आतलंच खराब झालं आसंल. म्हंजी पुन्हा ऑपरेशन?"

"शुभ बोला की जरा!" मी खेकसले. खरं तर तीच शंका मलाही आली होती. आतला तुकडा बिघडला तर ऑपरेशनशिवाय दुसरा इलाज नसतो, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. "घेऊन या पोरीला. आणि येताना टॅब, चार्जर, जे जे वापरता ते सगळं आणा."

सगळं आणा असं मी प्रत्येकालाच सांगते. मशीन बिघडलं म्हणून येणाऱ्यांपैकी कित्येकांचं मशीन धडधाकट असतं, घरातच काहीतरी भलतं चाललेलं असतं.

दुसऱ्याच दिवशी एसटीनं तिघं हजर. "जय भीम, मॅडम," म्हणत मिलिंदभाऊ आत आले. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. यशू मात्र पळत येऊन माझ्या गुडघ्यांना मिठी मारून मोकळी. या पोरीचा माझ्यावर फार जीव आणि माझा तिच्यावर. थेरपिस्टनं असं बोलू नये म्हणतात, पण मी बोलते.

मी मशीन तपासलं. बॅटरी ठीक, वायर ठीक, कॉइल ठीक. कॉम्प्युटरला जोडून आतला तुकडा तपासला. तोही ठणठणीत. मग यशूला साउंडप्रूफ खोलीत बसवलं. आवाज आला की एक ठोकळा टोपलीत टाकायचा, असा आमचा खेळ असतो. तिनं ठोकळ्यांचा पाऊस पाडला. मी तोंडापुढं कागद धरून हळूच 'स्स' केलं, तरी ठोकळा टोपलीत. तिला उड्या मारायला लावल्या, माना डोलवायला लावल्या. कॉइल जागची हलली नाही.

"भाऊ, मॅग्नेटमध्ये भरपूर दम आहे. आतलंही सगळं उत्तम आहे. ऑपरेशन-बिपरेशन काही नाही."

मिलिंदभाऊ मटकन खुर्चीत बसले. डोळे पुसले त्यांनी, अगदी उघड. मग म्हणाले, "तर मंग घरी कावून ऐकत न्हाई?"

"तेच बघू. घरी बसता तसं बसा. मी आहे असं समजू नका."

वैशालीताईंनी पिशवीतनं टॅब काढला. आणि कव्हर बघून मी बघतच राहिले. जाडजूड, काळं, चामड्यासारखं. झाकण मागं दुमडलं की तीन घड्यांचा स्टँड तयार होई आणि खट्कन एकमेकांना धरून बसे. मागची बाजू लोखंडी कपाटालाही चिकटे.

"भारी हाय का न्हाई?" मिलिंदभाऊंना जरा हुरूप आला. "आधी पिठाच्या डब्याला टेकून ठेवायचो, पडायचा. काच तडकायची पाळी आल्ती. तुमीच म्हणला, स्टँडवालं मजबूत कव्हर घ्या. मंग दुकानात एकेक कव्हर उलटं धरून हलवलं. बाकी सगळी ढिली. ह्यो गडी काय सुटंना! आता कपाटाला डकवतो. हिला भाकरी थापता थापता शिकवता येतं."

वेल्डरनं निवडलेलं कव्हर! जोड सुटतो का, एवढंच बघणार तो.

मी टॅब माझ्या लोखंडी कपाटाला लावायला सांगितला. मी फोन घेऊन दाराबाहेर गेले आणि दार थोडं उघडं ठेवून व्हिडिओ कॉल लावला. आता मला स्क्रीनवरची यशूही दिसत होती आणि खरी यशूही.

"यशू!" मी हाक मारली. तिनं ऐकलं. चेहरा असा उजळला की काय सांगू. दुडदुडत कपाटापाशी गेली, दोन्ही हातांनी टॅब धरला, आणि डोकं तिरकं करून गाल स्क्रीनवरच्या माझ्या चेहऱ्यावर ठेवला. अगदी गच्च. डोळे मिटून.

टक्.

एवढाच आवाज झाला. कॉइल डोक्यावरनं सुटली आणि कव्हरच्या काठाला जाऊन बसली. "यशू, मागं सर," मी सवयीनं म्हणाले. तिला काय ऐकू जाणार? आईनं खांदा धरून तिला मागं ओढलं, वायरला हिसका बसला, कॉइल कव्हरवरनं सुटून केसांत लोंबकळली. समोरनं बघणाऱ्याला मशीन कानावर दिसत होतं. सगळं ठाकठीक. आणि पोरगी पार शांततेत बसलेली, माझ्याकडं बघून हसत.

मी आत आले. "रोज असं करते ही?"

"रोज," वैशालीताई म्हणाल्या. "तिला वाटतं तुमी त्यातच बसलाव. तुमाला बिलगायला जाती. मंग सेशन झाल्यावर केसं विंचरताना कॉइल लोंबलेली सापडती. आमाला वाटलं मॅग्नेट गेलं."

पोरगी माझ्या जितकी जवळ यायची, तितकी तिला मी ऐकू येईनाशी व्हायचे. आणि मी इकडून आपली डमरू वाजवत बसलेली.

"कव्हर कधी आणलं?" मी विचारलं.

"दिवाळीच्या बाजारात."

"आणि 'पानी' म्हणायची कधी थांबली?"

वैशालीताईंनी बोटांवर महिने मोजले, दिवाळीनंतरच. मग त्यांनी नवऱ्याकडं असं बघितलं की मीच दचकले. "लोखंडाला कॉइल चिकटती म्हणून पोरीला वर्कशॉपात पाय ठिवू देत न्हाईत. शेजारची पोरं बी लोखंडी पाळण्यावर खेळायली तर हिला उचलून आणत्यात. आन् सवता मॅग्नेट आणून कपाटाला डकवलं! काखेत कळसा अन् गावाला वळसा!"

"आता त्या मऊ कव्हरात मॅग्नेट हाय हे मला..." मिलिंदभाऊ बोलता बोलता थांबले. कपाटाला कशामुळं चिकटतंय हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

मी यशूला कडेवर घेतलं आणि म्हटलं, चला, बाजारात.

माझ्या ड्रॉवरमध्ये एक खराब झालेली कॉइल असते, आईबापांना समजावून सांगायला. ती मुठीत घेऊन आम्ही क्लिनिकशेजारच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानदारानं कव्हरांचा ढीग घातला. मी एकेका कव्हरावरनं कॉइल फिरवायला लागले. तो बिचारा बघत राहिला.

"मॅडम, ते काय फिरवायल्या? मशीन हाय का कसलं?"

"तपासते आहे. यात मॅग्नेट नाही ना?"

"न्हाईच! खात्रीनं सांगतो."

टक्.

"ह्याच्यात तर न्हाईच न्हाई."

टक्.

झाकण असलेल्या जवळजवळ प्रत्येक कव्हरात कुठं ना कुठं मॅग्नेट निघालं. कुठं झाकण मिटायला, कुठं स्टँड धरायला, कुठं झाकण लावलं की स्क्रीन आपोआप बंद व्हायला. यशूला हा खेळ फार आवडला. प्रत्येक 'टक्'ला ती माझ्या कडेवर टाळ्या पिटत होती. शेवटी ढिगाच्या तळातनं एक जाड रबरी कव्हर निघालं, पोपटी रंगाचं, लहान पोरांचं. कॉइल फिरवली. काही नाही. पुढनं मागनं फिरवली. काही नाही. स्पीकरची भोकंही मोकळी होती. फक्त त्याला स्टँड नव्हता.

"स्टँडचं माझ्यावर सोडा," मिलिंदभाऊ म्हणाले. छाती परत वर आली होती. "आसा स्टँड करतो, हत्ती बसला तरी हलायचा न्हाई."

आठवड्यात त्यांचा कॉल आला. स्टँड खरोखर देखणा होता. चौकोनी पाइप, घासून गुळगुळीत केलेले जोड, वर निळा रंग, खालच्या पट्टीवर यशूचं नाव कापून काढलेलं. मी मनापासून वा म्हटलं. मग विचारलं, "भाऊ, हा कशाचा केला?"

"एक नंबर लोखं..."

पुढचं अक्षर तोंडातच राहिलं. त्यांनी कपाळावर हात मारला. मागनं वैशालीताईंचं हसणं ऐकू आलं, थांबेचना. शेवटी मिलिंदभाऊही हसायला लागले. त्या स्टँडवर आता त्यांच्या घरी दारात मोगऱ्याची कुंडी आहे.

त्यांच्या वर्कशॉपशेजारी एका चाचांचं सुतारकामाचं दुकान आहे. सागवानी चौकटी चाचांच्या आणि लोखंडी गेट मिलिंदभाऊंचे, टिकतं काय यावरनं दोघांची रोजची जुंपलेली. मिलिंदभाऊंना तिथं जाऊन लाकडाची वस्तू मागावी लागली. चाचांनी आधी पोटभर चहा पाजला, पोटभर चेष्टा केली आणि मग एक रेहाल करून दिली. पोथी, कुराण ठेवायला असते तशी, एकाच फळीतनं कापलेली फुलीसारखी घडी. एक खिळा नाही, एक स्क्रू नाही. पोपटी कव्हरातला टॅब तिच्यात असा बसला की जणू त्याच्यासाठीच केली होती.

त्यानंतरही यशू बिलगायची ती बिलगायचीच. पण आता कॉइल सुटत नव्हती. 'पानी' परत आलं. मग 'भू' आलं, मग 'पप्पा'. मी रोज वाट बघायचे ती तिनं दोन शब्द जोडायची. दोन शब्द जोडले की पोर बोलायला लागलं, असं आमच्या कामात समजतात.

एका सकाळी माझ्याकडचं नेट रडत होतं. यशू दिसेना, नुसते चौकोन. बघू तरी काय झालंय म्हणून मी चष्मा वर करून स्क्रीनपाशी वाकले, आणखी वाकले. चित्र एकदम साफ झालं. तिकडं रेहालीसमोर मांडी घालून यशू बसली होती. तिच्या समोरच्या टॅबवर बहुतेक माझं नुसतं कपाळ भरलं असणार. तिनं बोट वर केलं, भुवया चढवल्या, अगदी माझ्याच सुरात म्हणाली,

"मॅम, मागं!"

वैशालीताईंनी तोंडावर पदर घेतला. बाहेरनं मिलिंदभाऊ धावत आले, "काय म्हणली? काय म्हणली ती?" मी काही सांगायच्या आत यशूनं पुन्हा बजावलं, "मॅम, मागं!"

बरोबरच आहे. एवढ्या महिन्यांत माझ्या तोंडून तिनं सगळ्यात जास्त वेळा हाच शब्द ऐकला होता. मी रडत होते की हसत होते, मलाही सांगता येणार नाही.

कव्हर घेताना सगळे बघतात ते किती घट्ट धरतं. ते कशाकशाला धरतं, हेही बघत जा. माझ्याकडं येणाऱ्या सगळ्या आईबापांना मी आता हे सांगते, आणि ती खराब कॉइल बाजारात न्यायला देते. आणि कॉलवर हातभर मागं बसते. हुकूमच आहे तसा.