मी बाहेर काढलेलं नाव

रविवारी दहाला पाच कमी असताना मी नेहमीप्रमाणे टेबलाशी बसलो, चष्मा पुसला आणि तासाच्या लिंकवर बोट ठेवलं. पडद्यावर ओळ आली, थोडं थांबा, होस्ट तुम्हाला लवकरच आत घेतील. ही ओळ मी त्याआधी कधी पुरती वाचलीच नव्हती, कारण वाचून होण्याआधी दार उघडायचं आणि मुंजाजीचा आवाज यायचा, "या सर, आवाज येतोय." त्या रविवारी दहा वाजले, सव्वादहा झाले. विद्यार्थ्यांच्या गटात निरोप यायला लागले. "सर, तास हाय का न्हाई?" "आमी समदे बाहेरच हाव सर." मी मुंजाजीला फोन लावला, परत लावला. चौथ्या वेळी तो त्याच्या मेहुण्याने उचलला. "सर, दाजी गेले," तो म्हणाला. "पहाटं छातीत दुखायलंय म्हनले. गाडी बघूस्तोवर..." मागे बायकांचा आवाज होता. मी फोन ठेवला, आणि पहिल्यांदा मनात आलं ते दुःख नव्हतं, हे मला लिहायलाच हवं. मनात आलं, आता कुणालाच कळणार नाही. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं क्षणभर वाटलं, आणि पुढच्या क्षणी मला माझीच भीती वाटली.

त्याला जाऊन आता सात आठवडे होतील. मुंजाजी आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात परिचर होता, तोही हंगामी. पेडगावहून रोज मोटारसायकलवर यायचा. मी इतिहासाचा प्राध्यापक म्हणून निवृत्त झालो आणि नंतर विद्यापीठाच्या दूरशिक्षण अभ्यासकेंद्राचा मानद समन्वयक झालो. केंद्र म्हणजे ग्रंथालयाला लागून एक खोली, दोन कपाटं, एक लॅपटॉप. साथीच्या काळात सगळं बंद पडलं आणि विद्यापीठाचं पत्र आलं की यापुढे तास ऑनलाइन घ्यावेत. आम्ही शिकलेली माणसं ते पत्र हातात धरून एकमेकांकडे बघत बसलो. मुंजाजीने ते नेऊन वाचलं आणि तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "सर, खोली तयार हाय. फक्त तिला भिंती न्हाईत." तो बारावी झालेला माणूस. कुणाला काही विचारलं नाही, घरी बायकोच्या फोनवर आणि स्वतःच्या फोनवर एकाच वेळी आत-बाहेर करून शिकला. मला शिकवताना मात्र त्याने भारी सोसलं. मी आवाज बंद ठेवून अर्धा तास शिकवलेला आहे. मी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही म्हणून तो हात हलवून, हात जोडून दाखवत होता, आणि मी समजत होतो की याला व्याख्यान आवडतंय. शेवटी त्याने कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कागद माझ्या तोंडापुढे धरला, "सर तुमी मुके हाव."

खरी अडचण नावांची होती. आमचे विद्यार्थी म्हणजे अंगणवाडीताई, दुकानात बसणारे, लेकरं शाळेत पाठवून पुस्तक उघडणाऱ्या बाया. स्वतःचा फोन निम्म्यांकडे नव्हता. ज्याचा फोन त्याचं नाव पडद्यावर यायचं. एम. ए.च्या तासाला 'आर्यन तिसरी ब' हजर असायचा, कारण आई त्याच्या शाळेच्या फोनवरून यायची. ताडकळसचे एक गृहस्थ 'साउंड सर्व्हिस' म्हणून यायचे. 'पप्पा' नावाचे तिघं होते. नाव बदला म्हणून मी तीन रविवार ओरडलो. मुंजाजी म्हणाला, "सर, फोन त्यांचा न्हाई तर नाव कसं बदलतील? नाव बदललं तर घरी भांडन होतंय." त्याने एक दोनशे पानी वही केली. डाव्या बाजूला पडद्यावर दिसणारं नाव, उजव्या बाजूला खरा माणूस, गाव, आणि शेवटी एखादी सूचना. कोण गल्लीत उभा राहून बोलतो, कुणाकडे कॅमेरा चालू करा म्हणायचं नाही, कुणाची रेंज जाते. ती वही कीबोर्डच्या शेजारी उघडी असायची. दारावर नाव वाजलं की तो आधी वहीत बघायचा, मग आत घ्यायचा.

आता त्या दिवसाकडे येतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा होती. विद्यापीठाकडून परीक्षक ऑनलाइन बसणार होते. आदल्या आठवड्यात त्याच परीक्षकांसमोर एक भलताच माणूस आमच्या खोलीत घुसून मोठ्याने गाणं लावून गेला होता. कुणीतरी लिंक पुढे पाठवली असणार. परीक्षक साहेब मला एवढंच म्हणाले, "समन्वयक म्हणून तुमचं लक्ष असायला हवं." चाळीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी असं बोललं नव्हतं. त्या आठवड्यात मला नीट झोप नव्हती. परीक्षेला सुरुवात झाली आणि वीसेक मिनिटांत लाइट गेली, लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू राहिला. मुंजाजी जनरेटर चालू करायला मागे धावला. जाताना म्हणाला, "सर, दारावर कुनी आलं तर वही बघा. नावावर जाऊ नका." मी हो म्हणालो. दोन मिनिटांत दारावर नाव आलं, 'मामा खतवाले'. समोर साहेब. परत गाणं लागलं तर? वही हाताशी होती, ती बघायला पाच सेकंद लागले असते. मी दोन बटणांपैकी 'काढून टाका'वर दाबलं. नाव गेलं. परत आलं नाही. मला हायसं वाटलं.

नाव परत आलं नाही, कारण एकदा काढलेल्या माणसाला त्या खोलीचं दार पुन्हा उघडत नाही. हे मुंजाजीने मला दोनदा सांगितलं होतं. 'मामा खतवाले' म्हणजे येलदरीची रेणुका होती. मामाच्या खताच्या दुकानात बसून, मामाच्या फोनवरून ती शिकत होती.

मुंजाजी अर्ध्या तासाने परत आला तेव्हा त्याच्या हाताला डिझेल लागलं होतं. फोनवर रेणुकाचे चार मिस्ड कॉल. "सर, मामा खतवाले आलतं का?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने तिला फोन लावला. तिला पडद्यावर काय दिसतंय ते ऐकलं, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि दुसरी खोली उघडायला घेतली. पण साहेब तोवर पुढच्या केंद्राच्या खोलीत निघून गेले होते. रेणुका गैरहजर लागली. तिचं वर्ष गेलं, आणि निकालावर ठरलेली जिंतूरजवळच्या शाळेतली तिची जागाही गेली.

तिने लेखी तक्रार केली. विद्यापीठाने केंद्राकडे खुलासा मागितला, त्या वेळी खोली कोण चालवत होतं. आमच्या केंद्राची सगळी पत्रं मी तोंडी सांगायचो आणि मुंजाजी टाइप करायचा. तो खुलासाही तसाच झाला. मी खिडकीकडे तोंड करून सांगत होतो, "सदर वेळी खोलीचे तांत्रिक काम पाहणारे ग्रंथालय परिचर यांच्याकडून... अनवधानाने..." मागे कळफलक वाजत होता. मला वाटत होतं, आता थांबेल. थांबला तर मी मागे वळेन आणि सगळं बोलून टाकेन. तो कुठेच थांबला नाही. शेवटी त्याने विचारलं, "सर, तारीख आजचीच टाकू?" मी हो म्हणालो. त्याने दोन प्रती काढल्या, एक ऑफिसची. मी दोन्हींवर सही केली. विद्यापीठाने तोच खुलासा रेणुकालाही कळवला.

त्याला कायम करावं म्हणून कॉलेजने प्रस्ताव पाठवला होता. तो 'कामात हयगय' असा शेरा होऊन परत आला. यापुढे त्याला ऑनलाइन कामावर ठेवू नये, असंही कळवलं गेलं. त्याच्या जागी आलेल्या माणसाने दोन रविवार खोली उघडून बघितली आणि हात टेकले. मग मीच मुंजाजीला म्हणालो, घरून करशील का, कागदावर नको. "करतो की सर," तो म्हणाला, "लोकं बाहेर थांबायल्यात." तेव्हापासून तो पेडगावच्या घरातून 'अभ्यासकेंद्र' या नावाने दार उघडायचा. कागदोपत्री तिथे कुणीच नव्हतं.

पुढच्या वर्षी रेणुका परत परीक्षेला बसली. त्याआधीच्या तासाला ती आत आली ती मोठ्याने विचारत, "आज दारावर कोन हाय? तेच का? मग आत र्‍हाते का न्हाई कुनास ठाऊक." सगळे हसले. मीही तिथेच होतो, माझा चेहरा पडद्यावर चौकोनात होता, आणि तोही हसल्यासारखा झाला असणार. मुंजाजीचा आवाज बंद होता. तो बंदच राहिला. तास संपल्यावर त्याने मला नेहमीसारखा निरोप पाठवला, हजेरी बेचाळीस.

मी बोलायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण ज्या प्रयत्नात आपण सुटावं एवढाच हेतू असतो त्याला प्रयत्न म्हणावं का, कळत नाही. मागच्या उन्हाळ्यात तो कॉलेजात पुस्तकं परत करायला आला होता. आम्ही फाटकासमोर चहा प्यायलो. मी म्हणालो, "मुंजाजी, त्या दिवशी ते नाव..." त्याने मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"मला नका सांगू सर. मला त्याच दिवशी ठाव झालं. तिला सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

"खामखा माझ्यावर रुसून बसली ती पोरगी. मला भाऊ म्हनायची. तेवढं सांगा, बाकी जाऊ द्या." त्याने चहाचा कप धुवायच्या बादलीजवळ ठेवला आणि गाडीला किक मारली. ती आमची शेवटची समोरासमोर भेट. त्यानंतर दर रविवारी दार उघडलं की मला वाटायचं, आज विचारणार, सांगितलं का म्हणून. तो म्हणायचा, "या सर, आवाज येतोय." मी रेणुकाचा नंबर काढायचो, बघायचो, ठेवून द्यायचो. सगळ्या केंद्रात ही गोष्ट पसरेल, या वयात लोक काय म्हणतील, नातवंडं काय म्हणतील... अशी कारणं कधी संपत नाहीत. माणूस संपला.

तेराव्याला मी पेडगावला गेलो. त्याची बायको गंगासागर आतून वही घेऊन आली. "सर, ह्याच्यात समद्यांची नावं हायत. तुमच्या कामाला लागल. लय जपायचे ते." तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल आदर होता. म्हणजे त्याने घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. मी वही घेतली. तिथे जेवलो नाही, तब्येतीचं कारण सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जिंतूरची गाडी धरली, तिथून येलदरी. रेणुका दुकानात पोत्यांच्या मागे टेबलाशी बसली होती. मला बघून उठली, खुर्ची पुसली. "सर, तुमी? इतक्या लांब कामून आलाव?" बसमध्ये मी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. म्हणालो, "रेणुका, तुला मी काढलं होतं. मुंजाजीने नाही. तो जनरेटर चालू करायला गेला होता." एक गिऱ्हाईक युरिया आहे का विचारून गेलं, त्याला ती न्हाई म्हणाली. मग म्हणाली, "सर, वर्ष गेलं त्याचं आता काही न्हाई. मी काल पेडगावला येनार होते. मामा निघाले होते, मला चल म्हनले. मी म्हनलं, त्या मानसाच्या तेराव्याला मी येत नसते." तिने टेबलावरचं पावतीपुस्तक सरळ केलं. "तुमच्यामुळं आले न्हाई सर." पाणी तिने दिलं. बस मिळेपर्यंत बसा, असंही म्हणाली. माफीची गोष्ट तिने काढली नाही आणि मीही मागितली नाही.

विद्यापीठाला मी पत्र पाठवलं आहे. आधीचा खुलासा खोटा होता, बटण माझ्या हाताने दाबलं गेलं, मुंजाजीच्या कागदावरचा शेरा काढावा, आणि मला समन्वयक पदावरून मोकळं करावं. हे पत्र मी एका बोटाने स्वतः टाइप केलं. तारखेपाशी येऊन थांबलो होतो, बराच वेळ. उत्तर अजून आलेलं नाही. ऑफिसच्या फायलीत जे आहे ते कुणी वाचत नाही, म्हणून वर्तमानपत्राच्या या पुरवणीत लिहितो आहे. जे त्या दिवशी रेणुकाचं बोलणं ऐकून हसले त्या बेचाळीस जणांपैकी कुणीतरी हे वाचेल.

नवा समन्वयक येईपर्यंत रविवारी दार मी उघडतो. वही शेजारी ठेवतो. नाव वाजलं की पान शोधतो, मग आत घेतो. वेळ लागतो, पण कुणी कुरकुर करत नाही. 'मामा खतवाले'ची ओळ मी शोधली. 'रेणुका, येलदरी. रेंज जाते, दोन-तीनदा येईल, दर वेळी घ्यायचं.' ती परीक्षेच्या कितीतरी आधीची आहे. पाच सेकंदांचं काम होतं.

मग पानं उलटताना माझी ओळ सापडली. माझा फोन बिघडला तेव्हा काही दिवस मी नातीच्या टॅबवरून तासाला यायचो. डाव्या बाजूला लिहिलंय, 'चिऊचा टॅब'. उजव्या बाजूला, 'आपले सर. दिसले की लगेच घ्यायचं. त्यांना बाहेर थांबायची सवय न्हाई.'

चिऊला टॅब मी आणला तो मुंजाजीकडून तो खुलासा टाइप करून घेतल्याच्या नंतरच्या महिन्यात.