आत्या ज्या घराला ‘येते’ म्हणाल्या

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर जेवताना करमणूक म्हणून वाचत आले. बी.एस्सी. केमिस्ट्री झालेली बाई मी. सासरी दाराला कुणी लिंबू-मिरच्या बांधल्या, की त्यातल्या मिरच्या काढून मी भाजीत टाकत असे... त्यामुळे खालचं वाचून कुणी मला हसलं तर माझी काही तक्रार नाही. मीही हसलेच असते.

आम्ही कुंडलचे. नवरा फौजेत, सध्या राजस्थानात. घरी मी आणि सासूबाई — आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. गेल्या वर्षी आत्यांच्या किडन्यांनी दगा दिला आणि मिरजेत डायलिसिस सुरू झालं. सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी नऊ ते एक. पहाटेच्या एसटीनं जायचं, दुपारी परतायचं. परत येताना त्यांच्या अंगात काही उरलेलंच नसायचं. श्रावणात एकदा सांगलीच्या स्टँडवर त्या माझ्या खांद्यावरून घसरल्या ते खालीच बसल्या. डोळे पांढरे. डॉक्टर म्हणाले, “हा प्रवास आता त्यांना झेपणार नाही. इथंच जवळ खोली बघा.”

घर शोधायला लागले. आजारी माणूस म्हटलं की मालकांची तोंडं वाकडी. जिथं होकार, तिथं तीन जिने. शेवटी एक मिळालं — हॉस्पिटलपासून रिक्षानं दहा मिनिटं, तळमजला, दोन खोल्या, दाराशी एक दगडी पायरी. मालक रिटायर्ड गृहस्थ, वरच राहणारे. मी तिथल्या तिथं मोबाइलवरून दहा हजार टोकन टाकलं. ॲग्रीमेंट नंतर करू म्हणाले.

आणि इथं आम्ही एक गोष्ट करून बसलो. दोन दिवसांनी पक्षपंधरवडा लागणार होता. त्यात नवं घर कोण धरणार? आत्यांनी धोशा लावला — “आदी दूध उतू घाल. येकदा दूध उतू गेलं की घर आपलं. सामान मग कवा का जाईना.” मला ते थोतांड वाटत होतं, पण आजारी माणसाचं मन कशाला मोडा... मालकांकडून तासाभरासाठी किल्ली घेतली. आत्या ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आल्या. ओट्याच्या डाव्या टोकाला शेगडी मांडली आणि दूध उतू घातलं. बऱ्याच दिवसांनी त्या हसताना दिसल्या.

निघताना मी घाईत म्हणाले, “चला, जाऊया.” तशा त्या उखडल्या. “जाते म्हनू नये गं. घराला येते म्हनावं.” मग चौकटीला हात लावून, समोर माणूस असावं तसं म्हणाल्या, “येते हां. सोमवारी येते.”

रविवारी संध्याकाळी मालकांचा फोन. “ताई, रागावू नका... बँकेतलं एक जोडपं आलंय. तीन हजार जास्त भाडं देतायत. तुमचं टोकन परत टाकलंय बघा.” त्या जोडप्याला पंधरवड्याचं काही नव्हतं, सोमवारी सकाळीच ते सामानासकट आत! मी मालकांना फोनवर नाही नाही ते बोलले. मग मोरीत जाऊन रडले. आता परत एसटी, परत तो स्टँड. एखाद्या खेपेला आत्या माझ्या खांद्यावरच संपतील, हेच सारखं डोळ्यांपुढे येत होतं. त्यांना घर गेल्याचं सांगायची हिंमत झाली नाही. पंधरवडा झाला की जाऊ, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार. साडेदहा वाजले असतील. आत्यांना मशीन लावलेलं, डोळे मिटलेले, मी शेजारी स्टुलावर. मालकांचा फोन आला.

“ताई, तुमचा राग मी समजू शकतो. पण म्हातारीला असं पायरीवर आणून बसवायचं म्हणजे... बरं दिसत नाही. त्या बँकेतल्या बाई घाबरल्यात. ही चौथी खेप.”

“कुठली म्हातारी?”

“तुमच्या सासूबाई. तेच हिरवं लुगडं. सोमवारी, गुरुवारी येतात, काही बोलत नाहीत. आत्ताही आहेत की.”

माझं डोकंच सणकलं. मी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन आत्यांकडे फिरवला. मशीन, नळ्या, अंगावर मॅक्सी घातलेल्या आत्या. हिरवं लुगडं तर कुंडलला ट्रंकेत होतं! मालक बघतच राहिले. मग एकदम म्हणाले, “उठल्या... आत गेल्या बघा!” आणि त्याच क्षणी इकडे मशीन कोकलायला लागलं. सिस्टर धावत आली. “आजी, हात हलवू नका, सुई आहे!” आत्यांचा सुईचा हात अर्धवट उचललेला होता, चौकट धरावी तसा.

एक वाजता मी विचारलं, “आत्या, झोप लागली होती?”

“झोप कुटली? घरला गेलते,” त्या म्हणाल्या. “त्या बाईनं शेगडी उजवीकडं मांडलीया. खिडकीचं वारं लागतंय तितं. दूध कसं तापायचं?”

मी पिशवी उचलली आणि त्यांना धरून स्टँडकडे निघाले.

दसऱ्याच्या आधी ते जोडपं घर सोडून गेलं. मालकांनी आपण होऊन फोन केला, पहिल्याच भाड्यात घर दिलं, किल्ली देताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी आधी स्वयंपाकघरात गेले. ओट्याच्या उजव्या टोकाला, खिडकीखाली, भिंतीवर फोडणीचे ताजे तेलकट डाग.

मी सगळी कारणं काढून बघितली. दुसरी कुणी म्हातारी असेल... हिरवं लुगडं काय, कुणीही नेसतं. मालकांना टोकन परत केल्याचं मन खात असेल. पण शेगडी? तिथं माझी केमिस्ट्री थांबते.

आता आम्ही त्याच घरात राहतो. एसटी सुटली, आत्यांच्या तोंडावर जरा तरतरी आली. पायरीवर कुणी दिसत नाही. इथंच संपलं असतं, तर मी कदाचित हे लिहिलंही नसतं.

गेल्या महिन्यात, अशाच एका सोमवारी अकराच्या सुमारास कुंडलहून शेजारच्या कांताकाकूंचा फोन आला. “काय गं, सासूला येकटीलाच धाडलीस व्हय? तुमच्या दारात बसल्यात. म्या हाक मारली तर हात केला फकस्त.”

माझ्यासमोर आत्या झोपलेल्या होत्या. दोनच मिनिटांपूर्वी मशीन कोकललं होतं आणि सिस्टर त्यांना हात हलवल्याबद्दल रागावून गेली होती.

कुंडलचं घर बंद करताना आत्यांनी कुलपाला हात लावून काय म्हटलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. “येते हां.”

त्या दिवसापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. ते चार तास मी त्यांच्याकडे बघत बसते. फोन वाजला की उचलण्याआधी त्यांच्या हाताकडे बघते. त्या कुठे जातात, कशा जातात, मला माहीत नाही. आणि एखाद्या दिवशी तिकडेच राहिल्या तर? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, तूच जरा झोप घे.

म्हणून मी एक करते. केमिस्ट्रीवाली मी — पण करते. सुई टोचायच्या आधी आत्यांचा हात धरते आणि त्यांच्याकडून ‘येते’ म्हणवून घेते. त्या वैतागतात, “काय गं, ल्हान पोरीगत!” पण म्हणतात. त्या जिथं येते म्हणतात तिथं येतात, एवढं मी बघितलंय. का, ते मला सांगता येत नाही.

परवा त्या लय दमल्या होत्या. सिस्टर सुई घेऊन उभी, मागं पेशंट खोळंबलेले. आत्यांनी नुसतीच मान हलवली. मी हात सोडला नाही.

“आवं आत्या, मान नको. तोंडानं म्हणा.”